हरलेल्याचं वाचन

आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम आहे. रविवारी ज्याची टीम हरली, त्याने सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पेपरातली सामन्याची बातमी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. मधोमध नमुन्याची एक दुहेरी सीट ठेवलेली असते, तिच्यावर बसून. बाकीच्यांनी डबे खात ऐकायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर ज्याला जे सुचेल ते बोलायचं. वाचणाऱ्याने उलट उत्तर द्यायचं नाही. एक ओळ गाळली तर पुन्हा पहिल्यापासून. हा नियम कोणी काढला ते कोणालाच माहीत नाही. मी कामाला लागलो तेव्हाही तो होता, आणि त्याला एकतीस वर्षं झाली.

आम्ही बसच्या सिटा दुरुस्त करतो. फाटलेल्या, खचलेल्या, कोणीतरी ब्लेडने कापलेल्या सिटा डेपोतून येतात. वेल्डर सांगाडा सरळ करतो, मी फोम आणि रेक्झिन कापतो, माझा मेहुणा मशीनवर शिवतो, आणि मग दोघा-तिघांनी मिळून कव्हर ताणून बसवायचं. वेल्डरला आम्ही भोंगा म्हणतो, कारण त्याला हळू बोलता येत नाही. स्टोअरकीपरला टक्केवारी म्हणतो. कुठल्या टीमकडे चेंडू किती टक्के वेळ होता हे तो तुम्ही न विचारता सांगतो. फोरमनला फोरमनच म्हणतो. त्याला नाव ठेवण्याइतकंही त्याच्यात काही नाही.

गावात टीम दोन. पुलाच्या अलीकडे आमचं मैदान, पलीकडे त्यांचं. दोघांचीही कागदावर लांबलचक नावं आहेत, पण आम्ही अलीकडचे आणि पलीकडचे एवढंच म्हणतो. मी आणि फोरमन अलीकडचे. भोंगा आणि मेहुणा पलीकडचे. टक्केवारीला टीम नाही. तो म्हणतो, "मी चांगल्या खेळाचा चाहता आहे." ज्याला आयुष्यात एकदाही हरावं लागलेलं नाही, त्याने फुटबॉलवर तोंड उघडू नये, असं मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

माझी बायको पलीकडची. मेहुण्याची थोरली बहीण. ती या सीझनच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. तेव्हा आम्ही गुणतक्त्यात पाचवे होतो.

पंधरा दिवसांनी मी कामावर आलो. तोवर आमची टीम घसरायला लागली होती. पुढच्या सहा आठवड्यांत पाच सामने हरलो आणि एक बरोबरीत सुटला, तोही समोरच्या टीमचे दोन खेळाडू बाहेर काढले म्हणून. मी अलीकडचा आहे म्हणून त्यांची बाजू घेणार नाही. आमचा गोलकीपर चेंडू जाळ्यात गेल्यावर उडी मारतो. बैल गेला आणि झोपा केला. आमचा स्ट्रायकर मैदानभर छान पळतो, फक्त गोलसमोर आला की त्याला लाज वाटते. कोच दर रविवारी सामना संपला की टीव्हीवर सांगतो, "आम्ही शिकतो आहोत." एवढ्या आठवड्यांत मुलं बाराखडी शिकतात.

आणि पलीकडच्यांबद्दल माझं मत तर जुनंच आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यांचा कॅप्टन शेजारी कोणी शिंकलं तरी पोटरी धरून लोळतो, आणि पेनल्टी मिळाली की सगळ्यांच्या आधी उठून चेंडू घेतो. सहांतले पाच सामने त्यांनी जिंकले. त्यातले तीन असल्या लोळण्यावर. लोक त्याला फॉर्म म्हणतात.

तर पहिल्या सोमवारी मी डबा घेऊन सरळ नमुन्याच्या सीटवर जाऊन बसलो. आदल्या दिवशी आम्ही तीन-एक हरलो होतो. मी म्हटलं, "द्या पेपर."

फोरमनने टेबलावरचा पेपर चाळल्यासारखं केलं आणि म्हणाला, "खेळाचं पान नाहीये रे आज. पेपरवाल्याने कमी टाकलेलं दिसतंय."

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या सोमवारीही पान नव्हतं. तिसऱ्या सोमवारी भोंग्याची आणि मेहुण्याची टीम हरली होती, त्यांचा त्या दिवसांतला एकुलता एक पराभव. मी तयारीने आलो होतो. त्यांच्या कॅप्टनबद्दल माझ्याजवळ चार वाक्यं तयार होती. पान तेव्हाही नव्हतं. फोनवर बातमी असते, पण नियम पेपरचा आहे. फोनवर वाचलेलं कोणी धरत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ते चांगलं बोलायला लागले.

चौथ्या सोमवारी आम्ही दोन-शून्य हरून आलो होतो. भोंगा, जो वीस वर्षं माझ्या कानाशी ओरडत आलाय, हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुमचा गोलकीपर बरा खेळला हो काल."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. "कोण?"

"गोलकीपर. दुसऱ्या हाफमध्ये."

"दुसऱ्या हाफमध्ये त्याच्याकडे चेंडूच आला नाही."

"हां, म्हणजे... उभा चांगला राहिला."

टक्केवारी लगेच मदतीला धावला. "तसं बघितलं तर चेंडू तुमच्याकडे अठ्ठावन्न टक्के होता, दादा. खेळ तुमचाच वरचढ. निकाल काय, तो नशिबाचा भाग."

"निकाल नशिबाचा भाग?"

"म्हणजे आकडे तसं म्हणतात."

"तुझ्या आकड्यांना म्हणावं, दोन आणि शून्य हेही आकडेच असतात."

एरवी असं बोललो असतो तर तो तासभर वाद घालत बसला असता. आता त्याने मान हलवली, "बरोबर आहे तुमचं," म्हणाला आणि डबा बंद केला. मेहुणा मशीनशी पाठ करून जेवत होता. तो तर ती गेल्यापासून फुटबॉलबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

मला ते कळत होतं, मी काही खुळा नाही. बायको गेलेल्या माणसाला डिवचू नये, एवढाच त्यांचा हिशोब. पण मला घरी कोणी बोलायला नव्हतं, आणि कामावर बोलायला होतं ते हे असलं. माझं कोणीतरी काचेचं भांडं केलं होतं आणि ते कोणी केलं हेही मला सांगितलं नव्हतं.

घरचं थोडं सांगतो, म्हणजे माझं काय गेलं ते कळेल.

ती औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायची आणि उरलेलं सगळं घरी आणून मला द्यायची. लग्न ठरलं तेव्हा तिने एकच गोष्ट विचारली होती, "तुम्ही कुठल्या बाजूचे?" मी सांगितल्यावर म्हणाली, "असू दे. माणूस म्हटलं की काहीतरी खोट असायचीच." एकोणतीस वर्षं रविवारी आम्ही एकाच सोफ्यावर बसून सामने बघितले, आणि एकोणतीस वर्षांत तिने माझ्या टीमबद्दल एक बरा शब्द काढला नाही. आम्ही हरलो की, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आम्ही जिंकलो की, "आंधळ्याच्या गाई देव राखतो." एकदा आमच्या गोलकीपरच्या पायांमधून चेंडू गेला, तर दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून डोळ्यांत घालायचे थेंब आणून माझ्यासमोर ठेवले. "पत्ता शोधून पाठवा त्याला. दिवसातून तीनदा म्हणावं."

मीही कमी नव्हतो. त्यांच्या कॅप्टनला मी जे म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घ्यायची, मग शांतपणे म्हणायची, "झालं? आता गुणतक्ता वाचा."

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तिला बोलायला त्रास व्हायचा. सोमवारी सकाळी मी गेलो तर डोळे न उघडता म्हणाली, "काय झालं काल?"

मी म्हटलं, "जिंकलो. एक-शून्य."

"पेनल्टी?"

"हो."

"मग तसं सांगा ना."

ती गेल्यावर घरी माणसं आली. शेजारीण म्हणाली, किती शांत बाई होती. तिच्या दुकानाचा मालक म्हणाला, कधी कोणाला दुखावलं नाही हो. नात्यातले एक गृहस्थ, ज्यांना तिने एकदा खडे बोल सुनावत जिन्यापर्यंत नेऊन सोडलं होतं, तेही म्हणाले, मुखात नुसती साखर. मेल्या म्हशीला मणभर दूध. मी मान डोलवत बसलो. माझ्या बायकोबद्दल एकही माणूस खरं बोलत नव्हता.

आणि आता हे लोक माझ्या गोलकीपरबद्दलही खोटं बोलायला लागले होते.

मी कामावर परतल्यापासूनच्या सातव्या आठवड्यात अलीकडचे विरुद्ध पलीकडचे असा सामना आला. त्यांच्या मैदानावर. दुपारी मुलीचा फोन आला, ती लांबच्या शहरात असते. म्हणाली, "बाबा, आज नका ना बघू. उगीच त्रास होईल."

"कशाचा?"

"असंच. आईची आठवण येईल."

"मग काय स्वयंपाकघरात बसू? तिथे येत नाही का?"

मी बघितला. आम्ही चार-शून्य हरलो. चार-शून्य हासुद्धा त्यांनी केलेला उपकार होता, शेवटची वीस मिनिटं ते नुसते चेंडू एकमेकांना देत फिरत होते, सुटलेल्या गाढवामागे धावतात तसे आमचे लोक त्यांच्यामागे. पहिल्या गोलला मी शिवी दिली. दुसऱ्या गोलला पुन्हा दिली. तिसऱ्या गोलला मी गप्प राहिलो आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं, ऐकून घ्यायच्या तयारीने. तिकडे उशी होती.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर निघालो आणि कोपऱ्यावरून माझा स्वतःचा पेपर घेतला. खेळाचं पान आहे ना ते उभ्या-उभ्याच बघून घेतलं. चार कॉलम बातमी होती, फोटोसकट. फोटोत आमचा गोलकीपर पालथा पडलेला आणि चेंडू जाळ्यात. मनात म्हटलं, आता बघतो कसे गप्प बसतात. चार-शून्य, तेही पलीकडच्यांकडून. असा सोमवार भोंग्याला दहा वर्षांत मिळाला नव्हता.

सकाळभर मी रेक्झिन कापत होतो आणि डोळा घड्याळावर. एक कव्हर दोन बोटं कमी कापलं. मेहुण्याने ते काहीही न बोलता बाजूला ठेवलं आणि दुसरा तुकडा मागितला. तेही मला आवडलं नाही. कापणाऱ्याने माप चुकवलं तर शिवणाऱ्याने चार शब्द ऐकवायचे असतात.

घंटा झाली. मी सीटवर जाऊन बसलो आणि खिशातून पेपर काढला.

फोरमन म्हणाला, "अरे, कशाला?"

"नियम आहे."

"नियमाचं काय घेऊन बसलास. जेव आधी."

"वाचून जेवतो."

मी वाचायला सुरुवात केली. "'पलीकडच्या संघाने रविवारी घरच्या मैदानावर पाहुण्यांचा चार-शून्य असा धुव्वा उडवला.'" पेपरात संघांची कागदावरची नावं होती, मी आमच्या बोलण्यातली घातली. थांबलो. कोणी काही बोलावं म्हणून पुरेसा थांबलो. भोंगा घास चावत होता. त्याची नजर डब्यात.

"'सातव्या मिनिटाला गोलरक्षक चेंडू अडवण्यासाठी पुढे आला, मात्र चेंडू कोणत्या दिशेने येत आहे याचा त्याला अंदाज आला नाही.'"

पुन्हा थांबलो. असलं वाक्य पेपरवाला वर्षातून एकदा लिहितो. वेडाही त्यावर काहीतरी बोलेल. टक्केवारीने पाण्याची बाटली उघडली, प्यायला, बंद केली.

मग मी एक गोष्ट केली. दुसरा गोल मी गाळला. एक ओळ नाही, आख्खा परिच्छेद. सातव्या मिनिटावरून सरळ एकावन्नाव्या मिनिटावर गेलो आणि तिसरा गोल वाचायला लागलो. दुसरा गोल भोंग्याने बघितलेला असणार. त्यांच्यातल्या एका गोऱ्या पोऱ्याने आमच्या तीन जणांना उभं करून मारला होता. गावभर फोनवर तो गोल फिरत होता. मी तो गिळला आणि कोणी "पहिल्यापासून" म्हणालं नाही.

मी पेपर खाली ठेवला.

"दुसरा गोल कुठे गेला?" मी विचारलं.

भोंगा डब्यातली भाजी चिवडायला लागला.

"चार गोल झाले काल. मी पहिला वाचला, मग तिसरा वाचला. दुसरा कुठे गेला?"

टक्केवारी म्हणाला, "राहिला असेल, दादा. असू दे."

"राहिला असेल? अरे, पासष्ट टक्के आणि अठ्ठावन्न टक्के मोजणारा तू, तुला एक, दोन, तीन येत नाही?" मग माझा तोल गेला तो गेलाच. "आणि तू रे भोंग्या. पलीकडचा म्हणवतोस. चार-शून्य मारलं तुम्ही आम्हाला, आणि माझ्यासमोर सुतक पाळल्यासारखा बसतोस? लाज नाही वाटत? तुमची टीम म्हणजे पोटरी धरून लोळणाऱ्यांचा तमाशा. काल तुम्ही जिंकलात ते आमच्यात उभं राहायची ताकद नव्हती म्हणून. तुमच्यात दम आहे म्हणून नाही. बोल की! तुझ्या कॅप्टनला मी तमाशातला म्हणतोय, तुला काही वाटत नाही?"

भोंगा लाल झाला. त्याला वाटत होतं, दिसत होतं. त्याने तोंड उघडलं, मेहुण्याकडे बघितलं आणि परत मिटलं.

"त्याच्याकडे काय बघतोस?"

"खाली बस," फोरमन म्हणाला. "आम्ही तुझ्या भल्यासाठीच..."

"तू तर बोलूच नकोस. तू माझ्याच बाजूचा. चार गोल खाऊन सकाळपासून 'संयम ठेवायला हवा' म्हणत फिरतोयस. तुझ्यामुळेच आपला कोच टिकून आहे."

"मग मेहुण्यालाच विचारा ना!" भोंगा शेवटी त्याच्या खऱ्या आवाजात ओरडला. वेल्डिंगच्या खोलीपर्यंत घुमला तो. "आम्हाला कशाला शिव्या घालता? जीभ चावून-चावून माझं डोकं फिरायची पाळी आलीय! त्यानेच सांगितलंय, दाजींना काही बोलायचं नाही म्हणून. पेपरातलं पानसुद्धा तोच काढून ठेवतो दर सोमवारी लवकर येऊन!"

मी मेहुण्याकडे वळलो. तो मशीनवरच बसला होता. डबा मांडीवर, उघडलेलाही नव्हता.

"खरं आहे?"

"हो, दाजी."

"का?"

तो म्हणाला, "ताईने सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये. म्हणाली, त्यांना सांभाळ."

"आणि तू हे सांभाळतोयस?"

"मला जे कळलं ते केलं."

"काय कळलं तुला? एकोणतीस वर्षं तुझ्या बहिणीने मला सांभाळलं. निम्मे रविवार तू आमच्या घरी असायचास. कधी तिला म्हणताना ऐकलंस, तुमचा गोलकीपर चांगला उभा राहिला?"

"नाही."

"माझ्यापासून पेपर लपवला तिने कधी?"

"नाही. उलट..." तो थांबला.

"उलट काय?"

"उलट पेपर घडी घालून तुमच्या ताटाशेजारी ठेवायची. ते पान वर करून."

"मग? तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

त्याने मशीनचा ड्रॉवर उघडला. बॉबिनं आणि सुयांची डबी बाजूला करून त्याने पानं काढली आणि माझ्यासमोर धरली. सात पानं. पेपरात असतात तशीच घडी. मी वरचं उघडलं, तर कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या. कोणी ती उघडलीच नव्हती.

हे मला कळेना. त्या सातांतल्या सहा आठवड्यांत त्याची टीम जिंकली होती. पलीकडचा कुठला माणूस जिंकल्याची बातमी न वाचता घडी घालून ठेवतो?

"काल तुमच्याकडून गोल कोणी मारले?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"बघितला नाहीस?"

"नाही. एकही बघितला नाही, ती गेल्यापासून."

भोंगा म्हणाला, "काय सांगतोस! मला तर म्हणालास, बघितला म्हणून."

"खोटं बोललो." तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या बॉबिनकडे बघत होता. "मी तुमच्याकडे नसलो तर गोल झाला की तिचा फोन यायचा. तुम्ही शेजारी बसलेले असायचात, तुम्हाला वाटायचं ती मला गोलबद्दल सांगते. गोलबद्दल आम्ही नंतर बोलायचो. आधी ती तुमचं तोंड कसं झालंय ते सांगायची. अगदी बारीक आवाजात. 'आता मिशी ओढतायत. आता पाण्याला उठले, पाणी प्यायलेच नाहीत, परत बसले.' आणि आम्ही हसायचो. आता गोल झाला तर मी हसू कोणावर?"

एकोणतीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून तो फोन करत होती आणि मला हे माहीत नव्हतं. मला राग आला. खरंच आला, तिच्यावर आणि त्याच्यावर दोघांवर. बऱ्याच दिवसांनी मला तिचा धडधडीत राग आला, आणि बरं वाटलं.

"कोणावर म्हणजे?" मी म्हटलं. "मी काय मेलोय?"

मी पेपर उचलला.

"कामाचं ऐक. तुझ्या टीमने काय दिवे लावले ते तुला माहीत नाही, म्हणजे मलाच सांगावं लागणार. माझ्यासारख्यावर ही वेळ यावी! पहिल्यापासून वाचतो. आणि मी एक परिच्छेद गाळला होता तो तुम्हा चौघांपैकी एकाने धरला नाही, हे मी विसरणार नाही."

मी पहिल्यापासून वाचायला लागलो. धुव्वा उडवला. सातवं मिनिट. गोलरक्षक चेंडू अडवण्यासाठी पुढे आला, मात्र चेंडू कोणत्या दिशेने येत आहे याचा त्याला अंदाज आला नाही. थांबलो.

मेहुण्याने घसा खाकरला. "चेंडू..." तो म्हणाला. "चेंडू आहे म्हणून तरी कोणी सांगितलं होतं का त्याला?"

फार काही भारी नव्हतं. त्याच्या बहिणीने असलं वाक्य झोपेतही बोलून टाकलं असतं. पण भोंग्याला तेवढं पुरे होतं. सहा आठवडे त्याने कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"अहो दादा, तो पुढे आला नव्हता, घरी निघाला होता! आमच्या पोऱ्याने त्याला वाट दिली! आणि ते तुमचे तीन डिफेंडर, दुसऱ्या गोलला, वाचा वाचा, दुसरा वाचा! बसस्टॉपवर उभे होते ते! आमचा पोऱ्या विचारायला गेला, बस आली का?"

"'बेचाळिसाव्या मिनिटाला,'" मी वाचलं, "'पाहुण्या संघाचे तीन बचावपटू एकाच जागी खिळून राहिले.'"

"बघा! पेपरवालाही तेच म्हणतोय! खिळून! दादा, आपल्याकडची स्टेपल गन कोणी नेली काल?"

टक्केवारी म्हणाला, "दुसऱ्या हाफमध्ये चेंडू तुमच्याकडे एकवीस टक्के होता. त्यातले बारा टक्के गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढून आणत होता तेव्हाचे." टीम नसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं कामाचं वाक्य.

फोरमन माझ्या बाजूचा. त्यानेही मान खाली घालून हसून घेतलं. ते मी बघितलं.

मला उत्तर द्यायला बंदी होती, नियमाप्रमाणे. तोंडात आलेलं गिळून मी पुढचं वाक्य वाचत होतो. भोंग्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, हसून. तो म्हणाला, "आईशपथ, दादा, आज वहिनी असत्या ना, तर..." आणि थांबला. एकदम. सगळेच थांबले.

मी नियम मोडला. "बोल," मी म्हटलं. "अर्धं सोडू नकोस."

भोंग्याने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने मान हलवली.

"तर तुम्हाला आज डबा मिळाला नसता," भोंगा हळूच म्हणाला.

"डबा मिळाला असता," मेहुणा म्हणाला. "वर चिठ्ठी असती. 'चार घास खा. चारच.'"

हे बरं होतं. हे जवळजवळ तिच्यासारखं होतं. मी पेपर जरा वर धरला, तोंडासमोर. अक्षरं लागायला थोडा वेळ गेला. कोणी घाई केली नाही, आणि कोणी "असू दे" म्हणालं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

तिसरा गोल वाचून संपत होता तेवढ्यात घंटा झाली. फोरमन सवयीने उठला. "चला, बाकीचं राहू द्या. दुपारी डेपोची गाडी येणार आहे, आठ सिटा जायच्यात."

मेहुणा उठला नाही. त्याने इतक्या वेळात पहिल्यांदा डबा उघडला, मांडीवर नीट ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, तोंड लपवू नका. चौथा राहिलाय."